समुद्र दोन-तीन डिग्रीने तापला आणि खेकडे उपाशी मेले, हे कसं काय?

अलास्काच्या पश्चिमेला बेरिंग समुद्र आहे, थंडगार, हिवाळ्यात बराचसा बर्फाखाली जाणारा. तिथे स्नो क्रॅब नावाचा खेकडा मिळतो. 2018 च्या सर्व्हेत तिथे हे खेकडे इतके सापडले की सगळे खूश, पुढची काही वर्षं चांगली जाणार म्हणून. 2019 ला आकडा एकदम खाली आला, 2020 ला कोविडमुळे सर्व्हेच झाला नाही, आणि 2021 ला परत जाळी टाकून बघितलं तर खेकडे जवळजवळ गायब! सुमारे 1000 कोटी खेकडे गेले असा हिशोब निघाला. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथली स्नो क्रॅबची मासेमारी इतिहासात पहिल्यांदा बंद ठेवावी लागली.

आता यातली गंमत (म्हणजे दुःखदच गंमत) अशी की त्या वर्षांत पाणी तापलं होतं हे खरं, पण ते काही उकळत नव्हतं, तेवढं टेम्परेचर हा खेकडा लॅबमध्ये आरामात सहन करतो. मग मेले कशाने?

"समुद्र तापतोय" हे आपण बातम्यांत इतक्यांदा वाचतो की डोळ्यासमोर एकच चित्र येतं, गरम पाणी आणि त्यात तडफडणारे जीव. प्रत्यक्षात बहुतेक वेळा असं होत नाही. जे होतं ते घरखर्चासारखं आहे, पगार तेवढाच किंवा थोडा कमी आणि खर्च मात्र दुप्पट. हा हिशोब डोक्यात ठेवला की बाकीच्या बऱ्याच बातम्या आपोआप समजायला लागतात.

आधी हे बिनकण्याचे म्हणजे कोण ते बघू

पाठीचा कणा नसलेले प्राणी. पुस्तकात याला अपृष्ठवंशीय म्हणतात, तो शब्द इथेच सोडून देऊ, आपण सरळ बिनकण्याचे म्हणू. (माणसाला बिनकण्याचा म्हटलं की शिवी होते, पण पृथ्वीवरच्या प्राण्यांच्या जातींपैकी 95 टक्क्यांहून जास्त याच वर्गात बसतात, तेव्हा अपवाद आपणच आहोत.) समुद्रात यात खेकडे, कोळंबी, शेवंड आले, शिंपले-कालवं आली, म्हाकूळ, ऑक्टोपस, जेलीफिश, तारामासा, काटेरी चेंडूसारखा दिसणारा सी अर्चिन आला, प्रवाळ आले, आणि पाण्यात तरंगणारे, सहसा तांदळाच्या दाण्याहूनही लहान असे कोपेपॉड आले ज्यांच्याकडे कोणी बघत नाही पण माशांच्या पिल्लांचं पोट त्यांच्यावरच भरतं.

मासे आणि देवमासे फोटोत छान दिसतात म्हणून सगळी चर्चा त्यांचीच होते, पण समुद्राचा कारखाना हे लोक चालवतात.

पाणी जेवढं गरम तेवढं अंग गरम

आपल्या शरीराला स्वतःचा थर्मोस्टॅट आहे, बाहेर 10 डिग्री असो की 40, आत 37 च्या आसपास. या प्राण्यांकडे तो नाही. पाणी 4 डिग्री तर अंगही 4 डिग्री, पाणी 7 झालं की अंगही 7.

आणि शरीरात जे काही चालतं, म्हणजे अन्न पचवणं, स्नायू हलवणं, पेशींची डागडुजी, हा सगळा केमिकल रिअॅक्शनचा खेळ आहे, गरम झालं की तो फास्ट होतो. ढोबळ मानाने टेम्परेचर 10 डिग्रीने वाढलं की शरीर नुसतं चालू ठेवायचा खर्च दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे खेकडा काहीही न करता एका जागी बसून राहिला तरी त्याचं मीटर जोरात पळायला लागतं, बंद घराचं लाईट बिल वाढावं तसं.

ही झाली खर्चाची बाजू. जमेच्या बाजूला दोन गोष्टी असतात, अन्न आणि ऑक्सिजन, आणि ऑक्सिजनची अडचण अशी की गरम पाण्यात तो कमी विरघळतो. शून्य डिग्रीच्या समुद्राच्या पाण्यात जेवढा मावतो त्याच्या जवळपास निम्माच 30 डिग्रीच्या पाण्यात मावतो. त्यात वरचा थर तापला की तो हलका होऊन वरच राहतो, खालच्या पाण्यात नीट मिसळत नाही, त्यामुळे खाली ताजा ऑक्सिजन पोचायचंही कमी होतं. 1960 पासून जगभरच्या समुद्रातला साधारण 2 टक्के ऑक्सिजन कमी झालाय. सरासरी म्हणून तो आकडा लहान वाटतो, पण सगळीकडे सारखा कमी झालेला नाही, काही ठिकाणी चांगलाच घटलाय.

म्हणजे जेव्हा जास्त श्वास लागतो नेमका तेव्हाच श्वास कमी मिळतो. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे की प्राण्याची उष्णता सहन करायची मर्यादा मुळात इथेच ठरते, म्हणजे हृदय आणि कल्ले शरीराला ऑक्सिजन पुरवू शकत नाहीत त्या टेम्परेचरला. बाकीचे म्हणतात सगळ्या प्राण्यांना हे लागू होत नाही. हा वाद बरीच वर्षं चालू आहे आणि माझ्या मते दोन्ही बाजूंकडे आपापले सोयीचे प्राणी आहेत.

तर ते खेकडे

2018-19 मध्ये बेरिंग समुद्रात समुद्री उष्णतेची लाट आली. हा शब्दप्रयोग एकदा समजून घ्या, त्या जागी त्या तारखांना एरवी जे टेम्परेचर असतं त्याच्या सगळ्यात वरच्या 10 टक्क्यांत पाणी सलग 5 दिवस किंवा जास्त राहिलं की त्याला लाट म्हणतात, आणि अशी लाट कधीकधी महिनोन्महिने टिकते. एरवी तिथे तळाशी 2 डिग्रीपेक्षा थंड पाण्याचा मोठा पट्टा असतो, लहान खेकडे त्यातच वाढतात कारण त्यांना खाणारा कॉड मासा एवढ्या थंडीत यायला कंटाळतो. तो पट्टा आकसला.

लॅबमधल्या मोजणीनुसार पाणी 0 वरून 3 डिग्रीवर गेलं की या खेकड्याची अन्नाची गरज जवळपास दुप्पट होते. आणि नेमकी त्याच वेळी खेकड्यांची संख्या विक्रमी होती. म्हणजे पंगत मोठी, प्रत्येकाची भूक डबल आणि वाढपी तेवढेच. 2018 मध्ये त्याच साइजचे खेकडे आदल्या वर्षीपेक्षा वजनाला कमी भरले हेही दिसलं. हा सगळा अभ्यास 2023 मध्ये सायन्स या जर्नलमध्ये आला, त्यात कॉड, रोगराई, मासेमारी, खेकड्यांनी खेकडे खाणं, सगळे संशयित तपासलेत, आणि मुख्य बोट टेम्परेचर आणि गर्दी यांच्याकडे गेलं, म्हणजे बहुतेक उपासमार.

समजा कोणी फक्त "हा खेकडा किती डिग्रीला मरतो" एवढंच बघून अंदाज बांधला असता तर उत्तर आलं असतं, काळजी नको.

पण एक-दोन डिग्रीने एवढं काय होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो चुकीचा नाही, आपण स्वतः एका दिवसात 10-15 डिग्रीचा फरक बघतो आणि फक्त पंखा वाढवतो. पण ज्याचं अख्खं आयुष्य एका अरुंद पट्टीत गेलंय त्याच्यासाठी एक डिग्री म्हणजे फार आहे. अंटार्क्टिकाच्या समुद्रात वर्षभर पाणी उणे 2 ते अधिक 1-2 च्या आसपास असतं, लाखो वर्षं तसंच. तिथल्या मोठ्या शिंपल्याला वाळूतून उपटलं तर तो परत स्वतःला गाडून घेतो, नाहीतर कोणीतरी खाईल. प्रयोगात पाणी 5 डिग्री केलं तेव्हा त्याला हे जमलंच नाही. तिथल्या एका स्कॅलपला (पोहू शकणारा शिंपला) तर 2 डिग्रीच्या आसपासच पोहणं बंद करावं लागलं. दोघेही जिवंत होते हं! फक्त जगण्यासाठी जे करायचं ते करता येत नव्हतं. आपण थर्मामीटर लावून बघितलं तर म्हणू ठीक आहे की, जिवंत आहे.

प्रवाळांची गोष्ट वेगळी पण एक डिग्रीचीच. प्रवाळ हा दगड नाही, झाडही नाही, छोट्या छोट्या प्राण्यांची वसाहत आहे, आणि त्यांच्या पेशींच्या आत एक सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहतं. भाडं म्हणून ते सूर्यप्रकाशापासून साखर बनवून देतं, प्रवाळाची बहुतेक सगळी एनर्जी तिथूनच येते, रंगही बराचसा त्याचाच. पाणी तिथल्या नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा फक्त 1 डिग्रीने जास्त काही आठवडे राहिलं की या शैवालाची मशिनरी बिघडते आणि ते साखरेबरोबर विषारी प्रकारचा ऑक्सिजन सोडायला लागतं. प्रवाळ मग भाडेकरूला बाहेर काढतो, पांढरा पडतो, यालाच ब्लीचिंग म्हणतात. पांढरा म्हणजे मेला नाही, उपाशी आहे. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं, नाही निवलं तर साठा संपतो आणि मग खरंच मरतो.

म्हणजे परत हिशोब तोच. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफवर (रीफ म्हणजे प्रवाळांची भिंत) 2016, 2017, 2020, 2022, 2024 आणि 2025 असं मोठं ब्लीचिंग झालंय, त्याआधीचं 1998 आणि 2002 चं. सावरायला लागतात दहा-बारा वर्षं आणि मधे गॅप मिळतोय दोन वर्षांचा. 2023 पासून जे जागतिक ब्लीचिंग सुरू झालं ते नोंदीतलं चौथं, आणि त्यात जगातल्या 80 टक्क्यांहून जास्त प्रवाळ भागाला ब्लीचिंग होईल एवढी उष्णता लागली.

जे आधीच उष्णतेत राहतात ते तर टिकतील ना?

मलाही असंच वाटायचं. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खडकावर राहणारे प्राणी बघा, रोज दोनदा पाणी जातं, ऊन डोक्यावर, दगड तापलेला, एवढं सोसणाऱ्याला समुद्र 2 डिग्रीने तापला तर काय फरक पडणार.

पण पोर्सेलिन क्रॅब नावाच्या छोट्या खेकड्यांच्या बऱ्याच जातींची तुलना केली तेव्हा उलटंच निघालं. सगळ्यात जास्त उष्णता सोसणाऱ्या जातीच आपल्या मर्यादेच्या सगळ्यात जवळ राहत होत्या, आणि सवय करून मर्यादा अजून वर न्यायची ताकदही त्यांच्यातच सगळ्यात कमी होती. शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर उभा असलेला माणूस उंच असतो खरा, पण त्याला वर चढायला एकच पायरी उरलेली असते.

याचं कारण पेशीच्या आत आहे. प्रथिनं म्हणजे नीट घडी घातलेले कपडे समजा, घडी बरोबर असेल तरच ती काम करतात. उष्णतेने घडी विस्कटते. मग पेशी एक खास प्रकारची मदतनीस प्रथिनं बनवते, हीट शॉक प्रोटीन, त्यांचं काम विस्कटलेली घडी परत घालणं. छान सोय आहे पण फुकट नाही, त्याला एनर्जी लागते, आणि खडकावरचा शिंपला रोज दुपारी हेच करत बसला तर वाढायला आणि अंडी घालायला उरणार काय.

जून 2021 च्या शेवटी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर भयानक उष्णता आली, लिटन नावाच्या गावात 49.6 डिग्री नोंदली गेली. त्याच दिवसांत तिथे ओहोटी नेमकी भर दुपारी होती. खडकांचं टेम्परेचर 50 च्या वर गेलं आणि शिंपले जागच्या जागी शिजले, इथे मात्र डायरेक्ट उष्णतेनेच. ब्रिटिश कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या ख्रिस हार्ली यांचा अंदाज 100 कोटींहून जास्त प्राणी मेले असा होता. पण त्याच किनाऱ्यावर खडकाच्या सावलीच्या बाजूचे बरेच वाचले, काही फुटांच्या अंतरावर. म्हणून नुसता सरासरीचा आकडा बघितला की गंडायला होतं, यांना सरासरीने मारलं नाही, ओहोटीच्या चार-पाच तासांनी मारलं.

मग थंड पाण्यात निघून जायचं ना

जातात की! समुद्रातल्या जाती ध्रुवांकडे सरकतायत आणि जमिनीवरच्या प्राण्यांपेक्षा कितीतरी वेगाने, कारण समुद्रात डोंगर-रस्ते-कुंपणं नाहीत. पुढची कड दशकाला सरासरी 70 किलोमीटरच्या आसपास सरकतेय. उत्तर अटलांटिकमधले गरम पाण्याचे कोपेपॉड थोड्या दशकांत 1000 किलोमीटरच्या आसपास उत्तरेला सरकले आणि थंड पाण्याचे मागे हटले. त्यांच्या जागी ब्रिटनच्या पूर्वेच्या उत्तर समुद्रात (नॉर्थ सी) गरम पाण्यातला त्यांचाच भाऊबंद आला, पण तो वर्षाच्या वेगळ्या वेळी वाढतो, त्यामुळे कॉडच्या पिल्लांना भूक लागते तेव्हा ताट रिकामं आणि ताट भरतं तेव्हा पिल्लं उरलेली नसतात.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर लॉबस्टरचं तर एकाच जातीत दोन्ही दिसलं. दक्षिणेकडे पाणी 20 डिग्रीच्या वर जायला लागलं तशी तिथली मासेमारी 1990 च्या दशकाच्या शेवटाकडे कोसळली, आणि वर मेन राज्याच्या बाजूला त्याच काळात भरपूर वाढली कारण तिथलं पाणी आत्ता कुठे त्यांच्या आवडीचं झालं होतं. एकाचं दिवाळं तिथे दुसऱ्याचा सुगीचा काळ, आणि तोही किती दिवस, कारण मेनचं आखात अजून तापतंच आहे.

बरं, जो जातो तो जिथे पोचतो तिथे काय करतो? ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर लांब काट्यांचा एक सी अर्चिन आहे, त्याच्या पिल्लांना वाढायला 12 डिग्रीच्या वरचं पाणी लागतं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटाचं हिवाळ्यातलं पाणी पूर्वी त्याच्याखाली असायचं. आता गरम प्रवाह जास्त दक्षिणेला पोचतोय, अर्चिन तिथे स्थायिक झालाय आणि तिथली केल्पची जंगलं (केल्प म्हणजे झाडासारखं उंच वाढणारं शैवाल) त्याने खाऊन काही ठिकाणी उघडा खडक ठेवलाय.

आणि जे जाऊ शकत नाहीत त्यांचं काय, शिंपला, कालव, प्रवाळ मोठे झाले की एका जागी चिकटलेले असतात. ते फिरतात फक्त लहानपणी, डिंभक अवस्थेत, प्रवाहाबरोबर तरंगत. इथे एक गोष्ट मला फार विचित्र वाटते, गरम पाण्यात डिंभक लवकर मोठे होतात, म्हणजे कमी दिवस तरंगतात, म्हणजे कमी लांब पोचतात. ज्या वेळी लांब जायची गरज त्याच वेळी प्रवास आखूड. आणि अंटार्क्टिकावाले तर अजून दक्षिणेला जाणार कुठे, पुढे जमीन आहे.

एक तारामासा गेला आणि जंगल गेलं

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सनफ्लॉवर सी स्टार हा अवाढव्य तारामासा असायचा, 24 पर्यंत हात, रुंदी मीटरभर. 2013 मध्ये तारामाशांमध्ये एक रोग आला, हात गळून पडायचे आणि काही दिवसांत अंगाचा चिखल व्हायचा. त्याच्या मागोमाग 2014 ते 2016 प्रशांत महासागरात गरम पाण्याचा प्रचंड पट्टा तयार झाला, त्याला लोकांनी ब्लॉब असं नावच पाडलं. जिथे पाणी जास्त गरम तिथे रोगाचा फटका जास्त बसला. या जातीचे 90 टक्क्यांच्या आसपास गेले. रोगाचं कारण शोधायला दहा वर्षांहून जास्त लागली, 2025 मध्ये एक व्हिब्रिओ जातीचा बॅक्टेरिया नक्की झाला.

हा तारामासा अर्चिन खायचा. तो गेल्यावर उत्तर कॅलिफोर्नियात जांभळे अर्चिन मोकाट सुटले, केल्प आधीच गरम पाण्याने अशक्त झालेलं होतं, आणि तिथलं 90 टक्क्यांहून जास्त केल्प संपलं. आता मजा बघा, खायला काही नाही म्हणून अर्चिन मरायला हवेत ना? नाही मेले. ते खर्च एकदम कमी करून, आतून जवळजवळ रिकामे, वर्षानुवर्षं खडकावर बसून राहतात, आणि केल्पचं नवीन रोप आलं की लगेच खातात. ज्याला उपाशी राहायचं तंत्र जमलं तो टिकला, बाकीच्यांचं जंगल मात्र परत येत नाही.

पूर्वीही समुद्र तापला होताच की, घेतील जुळवून

तापला होता, खरं आहे. सगळ्यात मोठ्या उदाहरणात, 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी, उष्ण कटिबंधातला समुद्र 10 डिग्रीच्या आसपास तापला आणि ऑक्सिजन घटला. समुद्रातल्या दर 10 जातींपैकी 8 हून जास्त संपल्या आणि प्रवाळांची रीफं परत उभी राहायला लाखो वर्षं गेली. जीवसृष्टीने जुळवून घेतलंच, पण ज्यांनी घेतलं ते वेगळेच होते.

उत्क्रांती आत्ताही होते, विशेषतः ज्यांच्या पिढ्या आठवड्यांत बदलतात त्यांच्यात. पण तिलाही मर्यादा दिसते. कॅलिफोर्नियाच्या खडकांतल्या डबक्यांत राहणारा एक कोपेपॉड घेऊन लॅबमध्ये 10 पिढ्या फक्त उष्णता सोसणारेच निवडले, तरी उत्तरेकडच्या कोपेपॉडना दक्षिणेकडच्या त्यांच्याच भावंडांएवढी सहनशक्ती आली नाही, कारण त्यांच्या गटात ते जीन्सच नव्हते. आणि पिढी बदलायला ज्यांना पाच-दहा वर्षं लागतात त्यांचं तर बोलायलाच नको.

कोणाचाच फायदा नाही का?

आहे ना. म्हाकूळ, ऑक्टोपस, कटलफिश यांची संख्या 1950 च्या दशकापासून जगातल्या बऱ्याच भागांत वाढलीय, आयुष्य छोटं, वाढ झटपट, पटकन बदलतात, शिवाय त्यांना खाणारे मासे आपण कमी केलेत. त्यातलं टेम्परेचरचं श्रेय किती आणि आपल्या जाळ्यांचं किती हे वेगळं काढणं अवघड आहे. जेलीफिशबद्दल "समुद्र आता जेलीफिशचाच होणार" असं दर काही महिन्यांनी कोणीतरी लिहितं, पण काही ठिकाणी वाढ, काही ठिकाणी नुसते चढउतार असं चित्र आहे, तेव्हा ती हेडलाईन जरा जपूनच घ्या.

आणि स्नो क्रॅब? गेल्या काही वर्षांत बेरिंग समुद्रात पाणी परत थंड झालं, तळाचा थंड पट्टा परत पसरला, सर्व्हेच्या जाळ्यात लहान खेकडे दिसायला लागले. ऑक्टोबर 2024 मध्ये मासेमारी परत उघडली, 47 लाख पौंडांचा कोटा देऊन. 2020-21 च्या हंगामात तो साडेचार कोटी पौंडांचा होता. ते लहान खेकडे पकडण्याएवढे मोठे व्हायला अजून काही वर्षं थंड पाणी लागेल.